मोफत डेटाची यादी कोण ठरवणार? नेट न्यूट्रॅलिटी आणि 'झिरो रेटिंग'

अनुस्वार (धागाकर्ता)

नमस्कार.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, तेव्हा चुलतभावाने सहज विचारले, "दादा, पूर्वी नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपचा किंवा नुसत्या फेसबुकचा स्वस्त पॅक मिळायचा, तो आता का मिळत नाही?" त्या पॅकच्या बंद होण्यामागे एक सरकारी निर्णय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला समजावून सांगताना माझ्या असे लक्षात आले की, २०१५ साली ज्यांनी नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे कंपन्यांनी इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक द्यावी यासाठी, तळमळीने ईमेल पाठवले होते, त्यांच्यापैकीही अनेकांना शेवटी नेमके काय ठरले ते आता आठवत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी डेटाचा वेगळा दर लावण्याचे जाहीर केले आणि टीका झाल्यावर तो बेत बाजूला ठेवला. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, अशा सेवांचे नियमन कसे करावे याविषयी ११८ पानांचे चर्चापत्र काढले आणि त्यात २० प्रश्न विचारले. पुढच्याच महिन्यात 'एअरटेल झिरो' ही योजना पुढे आली. एखाद्या अ‍ॅपच्या मालकाने एअरटेलला पैसे द्यावेत आणि त्या बदल्यात ग्राहकाला ते अ‍ॅप डेटा खर्च न होता वापरता यावे, असे तिचे स्वरूप होते. ठरावीक सेवेच्या डेटाचे पैसे ग्राहकाकडून न घेण्याला 'झिरो रेटिंग' म्हणतात. फ्लिपकार्ट तिच्यात सामील होणार होती, पण लोकांचा रोष पाहून तिने १४ एप्रिलला माघार घेतली. 'सेव्ह द इंटरनेट' या मोहिमेतून त्या काळात ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल पोहोचले.

मला आज जास्त बोलायचे आहे ते 'फ्री बेसिक्स'विषयी, कारण त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध होता. फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणले, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्रही होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. ठरावीक संकेतस्थळे डेटाचे पैसे न देता उघडत आणि बाकीच्या इंटरनेटसाठी पैसे लागत. डिसेंबरच्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून या योजनेची बाजू मांडली. त्या लेखात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण होते. फ्री बेसिक्समुळे या शेतकऱ्याला पावसाळ्याआधी हवामानाची माहिती मिळाली, शेतमालाचे भाव कळले आणि त्यामुळे तो नव्या पिकात पैसे गुंतवू लागला, असे त्यात म्हटले होते.

त्या शेतकऱ्याची गरज खरी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लासलगावला कांदा न्यायचा की आणखी चार दिवस चाळीत ठेवायचा, हे ठरवताना शेतकरी एकाच ठिकाणचा भाव पाहून थांबत नाही. तो दुसऱ्या बाजार समितीचा भाव पाहतो, व्यापाऱ्याला फोन करतो, गटातल्या माणसांना विचारतो. ही पडताळणी करायची तर त्याला स्वतःच्या मनाने कुठलेही पान उघडता आले पाहिजे. एक पान फुकट आणि दुसरे पैशाचे असेल, तर ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो फुकटचेच पान खरे मानून चालेल. कोणते पान फुकट असावे हे मात्र त्याने ठरवलेले नसते.

याच्या दुसऱ्या टोकाचा अनुभव माझा स्वतःचा आहे. मी गेली बारा वर्षे जात्यावरच्या ओव्यांचे एक लहानसे संकेतस्थळ चालवतो. खर्च खिशातून करतो, उत्पन्न काही नाही. गावोगावच्या बायकांनी गायलेल्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे आणि त्यांचे शब्द तिथे आहेत, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण मोबाइलवरूनच ऐकतात. एअरटेल झिरोसारखी योजना रुळली असती, तर माझ्या प्रत्येक श्रोत्याच्या डेटाचे पैसे मला भरावे लागले असते, आणि ते मला कधीच परवडले नसते. फ्री बेसिक्स माझ्याकडे पैसे मागत नव्हते हे खरे, पण तिथे जाण्याच्या अटी फेसबुकने ठरवल्या होत्या. व्हिडिओ, मोठी चित्रे, फाइलींची देवाणघेवाण यांना मज्जाव होता, पाने साध्यातल्या साध्या फोनवर उघडतील इतकी हलकी हवी होती, आणि सगळी वाहतूक फेसबुकच्या यंत्रणेतून जाणार होती. शब्द ठेवून आवाज काढून टाकायचे ठरवले असते, तर ओवीतले उरले काय असते?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, पैसे मागितले की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. कुणीतरी यादी करतो आणि ती यादी गरिबाच्या फोनवर इंटरनेट म्हणून पोहोचते, ही मूळ हरकत आहे. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली आणि उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच फेसबुकने भारतातले फ्री बेसिक्स बंद केले. तो निर्णय योग्य होता असे मी मानतो. ज्यांना तो तसा वाटत नाही त्यांनी अवश्य लिहावे, कारण विरोधी बाजू मला त्या वेळी नीट ऐकू आली नव्हती.

---

माळरान

अनुस्वार, आपण विरोधी बाजू मागितली आहे म्हणून लिहिते. मी मराठवाड्यात महिला बचत गटांसोबत काम करते आणि २०१५ मध्येही करत होते. त्या वर्षी आमच्या गटातल्या बायकांपैकी मोजक्याच जणींनी इंटरनेट वापरले होते, आणि ते बहुधा मुलाच्या फोनवर. १ जीबी डेटाची किंमत तेव्हा शेतातल्या दिवसभराच्या मजुरीच्या आसपास जायची. अशा बाईला हवामान, आरोग्य आणि परीक्षेचे निकाल एवढी दहा पाने फुकट मिळाली असती, तर तिचे नेमके काय नुकसान झाले असते? तिच्या बाबतीत निवड 'संपूर्ण इंटरनेट की अर्धे' अशी नव्हती, 'काहीतरी की काहीच नाही' अशी होती.

ज्यांनी ईमेल पाठवले त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण त्या सगळ्यांकडे इंटरनेट आधीच होते. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांच्या वतीने दोन्ही बाजूंनी बोलले गेले, कंपनीकडूनही आणि विरोध करणाऱ्यांकडूनही. आमच्या गटाच्या बैठकीत येऊन कुणी विचारले नाही.

आणखी एक सांगते. पुढे डेटा स्वस्त झाला म्हणून तो निर्णय बरोबर ठरला, असे म्हणायची पद्धत पडली आहे. डेटा स्वस्त झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यामुळे आणि कंपन्यांच्या स्पर्धेमुळे. जिओ आले नसते तर आमच्या बायकांनी किती वर्षे वाट पाहायची होती, याचे उत्तर त्या निर्णयात नव्हते.

---

तारायंत्र

मी दूरसंचार क्षेत्रातून निवृत्त झालेला अभियंता आहे, त्यामुळे 'झिरो रेटिंग' हा शब्द कुठून आला आणि आतल्या यंत्रणेत काय घडते, तेवढे सांगतो. पुढच्या चर्चेला त्याचा उपयोग होईल.

आपला मोबाइल डेटा कंपनीच्या एका गेटवेमधून बाहेरच्या इंटरनेटवर जातो. हा गेटवे बाइट मोजतो आणि आकारणीच्या यंत्रणेला कळवतो. प्रत्येक प्रवाह कोणत्या तरी गटात टाकला जातो, त्याला 'रेटिंग ग्रुप' म्हणतात, आणि प्रत्येक गटाला दर असतो. एखाद्या गटाचा दर शून्य ठेवला की झाले झिरो रेटिंग. पण एखादा प्रवाह त्या गटात टाकायचा, तर तो कुठे चालला आहे हे ओळखावे लागते. त्यासाठी सर्व्हरच्या पत्त्यांची यादी ठेवतात किंवा जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचे जे नाव दिसते ते वाचतात. म्हणजे दर वेगळा लावायचा असेल तर ग्राहक कुठे जातो हे पाहणे ओघानेच आले. दर सगळीकडे सारखा असेल, तर निदान आकारणीसाठी तरी तसे पाहण्याची गरज राहत नाही.

दुसरी अडचण रोजच्या वापरातली आहे. आजचे कुठलेही पान एकाच सर्व्हरवरून येत नाही. चित्रे एकीकडून, फाँट दुसरीकडून, व्हिडिओ तिसरीकडून येतो. फुकट पानात बाहेरचा दुवा असतो आणि त्यावर बोट पडले की मीटर सुरू होतो. आम्ही त्याला गळती म्हणायचो. सोशल मीडियाचे वेगळे पॅक चालू होते त्या काळात "मी तर फक्त तेच अ‍ॅप वापरले, मग पैसे का कापले?" अशा तक्रारी येत, आणि ग्राहकाच्या दृष्टीने त्या रास्त होत्या. मित्राने पाठवलेल्या बातमीचा दुवा त्याने उघडलेला असायचा. असा ग्राहक दोन-तीन वेळा पैसे गेले की दुवे उघडणेच सोडतो, मथळा वाचतो आणि पुढे पाठवतो. माळरान यांनी विचारलेल्या नुकसानीचे एक उत्तर मला इथे दिसते.

खर्चाविषयीही एक गोष्ट. टॉवरच्या दृष्टीने ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाचा एक एमबी आणि खरेदीच्या अ‍ॅपचा एक एमबी यांत काही फरक नसतो. दोन्हींना तेवढेच स्पेक्ट्रम लागते. पण रात्री दोनचा एमबी आणि संध्याकाळी आठचा एमबी यांत फरक असतो, कारण रात्री जाळे रिकामे असते. म्हणून रात्रीचा स्वस्त पॅक मला योग्य वाटतो. तो खर्चावर आधारलेला आहे, आणि ट्रायच्या नियमानेही त्याला मनाई नाही.

---

अनुस्वार

माळरान ताई, आपला मुद्दा मी टाळणार नाही. 'काहीतरी की काहीच नाही' या प्रश्नाला २०१५ मध्ये आम्ही पुरेसे उत्तर दिले नव्हते हे मला मान्य आहे. स्पर्धेविषयीचे आपले म्हणणेही बरोबर आहे. ट्रायच्याच अहवालानुसार १ जीबी डेटासाठी ग्राहकाला २०१४ मध्ये सरासरी सुमारे २६९ रुपये पडत होते आणि २०१८ मध्ये १२ रुपयांहून कमी. ही घसरण नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमाने घडवली नाही. मात्र त्या स्पर्धेतून स्वस्त झाले ते संपूर्ण इंटरनेट. नियम नसता तर हीच स्पर्धा कुणाची यादी मोठी यावरही लढली गेली असती, असे मला वाटते.

फुकट डेटा देण्यालाच ट्रायचा विरोध होता असे मात्र नाही, आणि ही बाजू फार कमी लोकांना माहीत आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने शिफारस केली होती की ग्रामीण भागातल्या ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा मोफत द्यावा आणि त्याचा खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. दूरसंचार कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या आकारातून हा निधी उभा राहतो, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार आता त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. त्या १०० एमबीमध्ये काय पाहायचे हे ग्राहकाने ठरवायचे होते. निकाल पाहा, भाव पाहा, नाहीतर ओव्या ऐका. आपल्या 'काहीतरी'ला हे उत्तर चालले असते का?

---

माळरान

चालले असते. पण तो १०० एमबी मिळालेली एकही बाई माझ्या पाहण्यात नाही. यादीला विरोध करणारे लाखो होते, या शिफारशीच्या पाठपुराव्याला किती जण होते?

---

कलम

मी वकील आहे. वर काही विधाने थोडी सैल झाली आहेत, म्हणून नियमाची चौकट मांडतो.

ट्रायच्या २०१६ च्या विनियमांनी फक्त दरांतल्या भेदभावाला बंदी घातली. मजकूर कोणता आहे यावरून सेवापुरवठादाराने डेटाचा वेगळा दर लावू नये, आणि हा नियम चुकवण्यासाठी कुणाशी करारही करू नये, एवढीच ती तरतूद आहे. आधीच विकलेले पॅक मुदत संपेपर्यंत, पण जास्तीत जास्त सहा महिने चालू ठेवण्याची मुभा होती. अनुस्वार यांच्या चुलतभावाचा व्हॉट्सअ‍ॅप पॅक याच तरतुदीने संपला. तातडीच्या सेवांसाठी किंवा गंभीर सार्वजनिक आपत्तीत दर कमी करता येतो, मात्र तसे केल्यास सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवावे लागते.

वेग कमी-जास्त करणे, एखादी सेवा अडवणे किंवा एखादीला पुढे काढणे हे विषय त्या विनियमांत नव्हते. त्यावर ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी शिफारशी दिल्या, आणि दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये त्या स्वीकारल्या; त्या परवान्याच्या अटींतही आल्या. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांना त्यात अपवाद आहे. फाइव्ह-जीमध्ये एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या दर्जाचे भाग पाडता येतात, तेव्हा 'विशेष सेवा' कशाला म्हणायचे हा वाद पुढच्या काळात मोठा होईल असा माझा अंदाज आहे.

आता जी फट मला खरोखर खुपते ती सांगतो. कंपनीच्या स्वतःच्या बंद जाळ्यातून, इंटरनेटवर न जाता दिल्या जाणाऱ्या सेवेला २०१६ चे विनियम लागू नाहीत. शिवाय रिचार्जबरोबर एखाद्या व्हिडिओ सेवेची वर्गणी मोफत मिळते, तेव्हा डेटाचा दर सारखाच असतो, म्हणून तेही नियमाच्या अक्षरात बसते. पण ग्राहकावर होणारा परिणाम पाहिला, तर ज्या सेवेची वर्गणी रिचार्जमध्येच आली तीच तो पाहणार, आणि अनुस्वार यांचे संकेतस्थळ पुन्हा यादीबाहेर राहणार. डेटाच्या दरावर बंदी घालून यादी संपली नाही, तिची जागा बदलली. मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच हे बोलले पाहिजे असे मला वाटते.

---

सॅन होजेकर

कॅलिफोर्नियातून लिहितो आहे. इकडे हा विषय सरकारागणिक उलटत राहिला. एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम केले, पण झिरो रेटिंगवर सरसकट बंदी न घालता प्रत्येक प्रकरण वेगळे पाहायचे ठरवले. डिसेंबर २०१७ मध्ये ते नियम रद्द झाले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा रद्द केले. या सगळ्यात टिकला तो आमच्या राज्याचा २०१८ चा कायदा. त्यात पैसे घेऊन एखाद्याचा डेटा मोफत करण्याला बंदी आहे, आणि एकाच प्रकारच्या सेवांपैकी ठरावीक सेवाच मोफत करण्यालाही.

हा कायदा लागू झाल्यावर मार्च २०२१ मध्ये एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने आपली प्रायोजित डेटाची योजना फक्त कॅलिफोर्नियात नव्हे, सबंध देशात बंद करत असल्याचे जाहीर केले. इंटरनेट राज्याच्या सीमेवर थांबत नाही, असे कारण कंपनीने दिले होते. तेव्हा इकडच्या ओळखीच्या काही मराठी मंडळींनी "चांगले फुकट मिळत होते ते गेले" अशी नाराजी व्यक्त केली होती. त्यांना मी भारताच्या २०१६ च्या निर्णयाचे उदाहरण दिले. या एका बाबतीत भारताचा नियम अमेरिकेच्या केंद्रीय नियमापेक्षा स्पष्ट होता, हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटला.

---

तारायंत्र

माळरान ताईंचा प्रश्न रास्त आहे, आणि तांत्रिक बाजूने पाहिले तर १०० एमबीची ती योजना अवघड नाही. एखाद्या क्रमांकावर ठरावीक डेटा जमा करणे हे प्रत्येक कंपनीची यंत्रणा रोज लाखो वेळा करते. मजकूर ओळखण्याची गरज नाही, पत्त्यांची यादी सांभाळावी लागत नाही, गळतीचा प्रश्नही येत नाही. झिरो रेटिंगपेक्षा हे काम कितीतरी सोपे आहे. आज मोबाइलचा वापर पाहता १०० एमबी फारच अपुरे पडतील, तो आकडा मात्र वाढवून मागावा लागेल.

---

अनुस्वार

कलम यांनी दाखवलेली वर्गणीची फट माझ्या नजरेतून सुटली होती. त्याबद्दल आभार. तारायंत्र यांचे उत्तर वाचून मला वाटते की आपण सर्वांनी मिळून डिजिटल भारत निधीच्या प्रशासकांना एक पत्र लिहावे. २०१६ च्या शिफारशीचे काय झाले हे विचारावे आणि ती आजच्या वापराप्रमाणे सुधारून लागू करण्याची मागणी करावी. माळरान ताई, रिचार्ज संपल्यावर आपल्या गटातल्या बायकांची नेमकी कशावाचून अडचण होते, हे त्यांच्याच शब्दांत मिळाले तर पत्राला वजन येईल. कलम, मसुदा आपण पाहाल का?

---

कलम

जरूर पाहीन. माहितीच्या अधिकारात एक अर्जही सोबत करू, म्हणजे शिफारशीवर कोणता निर्णय झाला ते लेखी मिळेल.

---

माळरान

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण गुरुवारच्या बैठकीत विचारूनच लिहायचे ठरवले होते. बावीस जणी हजर होत्या. रिचार्ज संपलेला असताना कुठले एक पान फुकट उघडावे असे वाटते, एवढेच विचारले. एकीने लातूरचा सोयाबीनचा भाव सांगितला. एकीला मुलीच्या नर्सिंग प्रवेशाची यादी पाहायची होती. एकीचा नवरा ऊसतोडीला कर्नाटकात आहे, तिला त्याचा चेहरा पाहत बोलायचे होते, तेही उजाडायच्या आत, तो फडावर जाण्यापूर्वी. दोघींना कीर्तन ऐकायचे होते, पण वेगवेगळ्या महाराजांचे. एका म्हाताऱ्या आजींनी विचारले की त्यांची मेलेली बहीण जात्यावर जे गायची ते फोनवर सापडेल का. त्यांना अनुस्वार यांच्या संकेतस्थळाचा पत्ता माझ्या फोनवर उघडून दिला.

वही भरली, पण दहा पानांची यादी काही जमली नाही. माझी पहिली सूचना मी मागे घेते आणि मोफत डेटाची मागणी ठेवते. पत्राचा मसुदा या बुधवारपर्यंत पाठवा. तो बैठकीत वाचून दाखवीन आणि बावीस सह्या घेऊन ठेवीन. आजींचा अंगठा असेल.